दुसरा ब्रेक

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आई-बाबा बरे आहेत, मी बरी आहे, तुम्हीही दोघं बरे असाल असं धरून चालते. फोनवर आपण हवामानाबद्दल बोलतो, आणि मुद्द्याची वेळ आली की तुझी भाजी करपायला लागते. कागदावर ती सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

बातमी अशी की बाबा गाडी घेतायत. नवी आणि स्वतःची. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा म्हणाले होते, जन्मभर दुसऱ्यांचे पाय सांभाळले, आता गाडीचं तोंड बघायचं नाही. आई म्हणते, निवृत्त माणसाच्या प्रतिज्ञा मनावर घ्यायच्या नसतात.

गाडी निवडायचं काम माझ्याकडे येईल असं मला वाटलं होतं. वाटणं साहजिक होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, आईचं रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळं मीच निवडलेलं आहे. दिवसभर प्रयोगशाळेत मी लोकांचे दाबमापक आणि वजनकाटे तपासते. कुठलं यंत्र किती खोटं बोलतं ते ठरवून खाली सही करते. या घरात गाडी घ्यायला माझ्याहून लायक माणूस नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मी तीन गाड्यांची तुलना करून बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा न लावताच पाहिली आणि म्हणाले, "छान केलंस. वकिलाला दाखवतो."

वकील म्हणजे बाबांच्या फोनमधला एआय सहाय्यक. तो मीच बसवून दिला, औषधांच्या वेळा आठवण करून द्यायला. आता तो बाबांच्या वतीने तीन शोरूमशी गाडीचा सौदा करतोय, म्हणून वकील. पुढे 'साहेब' लागतं. माझ्या पुढे काय लागतं तुला माहीतच आहे. मी अजून मोजपट्टीच आहे.

बाबांची घासाघीस तुला आठवत असेल. किंमत ऐकायची, "बरं, येतो" म्हणायचं, आणि दारापर्यंत इतक्या हळू चालायचं की दुकानदाराला हाक मारायला भरपूर सवड मिळावी. हाक आली नाही तर चपलेत काहीतरी अडकायचं. वकिलाला चपला नाहीत. त्याने तिन्ही शोरूमना लिहिलं, नोंदणी, विमा सगळं धरून शेवटचा आकडा लेखी कळवा. एकाने त्यात 'हाताळणी' नावाचा खर्च लावला होता. वकिलाने नम्रपणे विचारलं, या रकमेत नेमकं काय हाताळलं जाणार आहे? दुसऱ्या दिवशी तो खर्च गायब.

हे सगळं बाबा गॅलरीत उभे राहून करतात. फोन म्हणजे लांबचा माणूस असं ते अजून धरून चालतात, त्यामुळे समोरच्या इमारतीलाही आमचा सौदा पाठ झालाय. काल ओरडत होते,

"अहो वकीलसाहेब, सांगा त्याला, दुसरीकडे याहून स्वस्त मिळतेय म्हणावं!"

फोन म्हणाला, "तसा दर अजून कुणी दिलेला नाही. तुम्ही दुसरीकडेही विचारताय, हे मात्र खरं आहे. तेवढंच लिहू का? म्हणजे उद्या कुणी पुरावा मागितला तर मागे सरावं लागणार नाही."

बाबा आत आले ते लग्नघरातल्यासारखे खुशीत. "बघ! खोटं न बोलता सौदा करतोय पठ्ठ्या. याला म्हणतात डोकं."

ताई, फ्रिज घेताना मी अगदी हेच म्हणाले होते. तेव्हा मला सांगितलं होतं, मोजपट्टे, तू फार सरळ आहेस गं, बाजारात असं चालत नाही.

मी हे बोलून दाखवलं. आई इस्त्री करत होती. म्हणाली, "फी तूही घेत नाहीस, तोही घेत नाही. पण तू ऐकवतेस किती!"

मी त्या वकिलाला तपासलं, अर्थात. कुठलंही यंत्र मी तपासल्याशिवाय घरात वापरू देत नाही. एका हिशेबात त्याने विमा दोनदा धरला होता. मी दाखवल्यावर म्हणाला, "बरोबर आहे, माझी चूक झाली," आणि आकडा दुरुस्त केला. आपल्या घरात हे वाक्य तू कधी ऐकलं आहेस? मीही पहिल्यांदाच ऐकलं. बाबा शेजारीच होते. त्यांनी घसा खाकरला आणि पाणी प्यायला गेले.

एक गंमत. बाबांनी अट घातलीय की शिकवणीच्या गाडीत असतो तसा शेजारच्या सीटपुढेही ब्रेक बसवून हवा. सवयीचा परिणाम, दुसरं काय. दोन शोरूमनी हात वर केलेत.

बाकी विशेष नाही. तुझा खांदा आता दुखत नसेल.

तुझी,
धाकटी


गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. तुझा निरोप बाबांना दिला, की गाडी सांभाळून चालवा. ते म्हणाले, "तिला सांग, सांभाळतो." सांगितलं. तू घरी येणं बंद केल्यापासून मी तुमच्या दोघांमधली टपालपेटी आहे. दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

तू विचारलंस, त्या ब्रेकचं काय प्रकरण आहे. तुझ्या सगळ्या पत्रात तेवढी एकच ओळ घाईने लिहिलेली दिसत नव्हती, हे मी पाहिलं.

शनिवारी आम्ही तिसऱ्या शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता टाय लावून होता आणि टायच्या गाठीने त्याची मान अवघडली होती. बाबांनी गाडीत बसून आरसे पाहिले, सीट पुढे-मागे केली, आणि मग आडवे होऊन शेजारच्या सीटपुढची जमीन हाताने चाचपायला लागले.

"काका, काही पडलं का?" टायवाल्याने विचारलं.

"पडलं नाही. बसवायचंय."

"काय बसवायचंय?"

"ब्रेक."

"ब्रेक आहे ना काका, हा काय इकडे!"

"तो चालवणाऱ्याचा. मला शिकवणाऱ्याचा पाहिजे."

टायवाल्याने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांबरोबर आलेल्यांकडे लोक पाहतात, तसं. मी छताचे दिवे मोजायला लागले.

"काका, आता कशाला शिकवत बसता? झालं की सगळं. आराम करा, फिरा, काकूंना फिरवा."

"एक विद्यार्थी राहिलाय," बाबा म्हणाले, आणि त्याच्या तोंडासमोर काच वर केली.

तर असं आहे. हा विद्यार्थी कोण, ते बाबांनाच ठाऊक. बाहेरच्या गॅरेजमधून ब्रेक बसवला तर गाडीची वॉरंटी जाण्याची शक्यता आहे, आणि त्या एका अटीवर सौदा अडलाय. ती काढावी असं मी सुचवलं आहे. बघू.

इकडे थंडी कमी झाली. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी


रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

आज आधी सगळ्यांची खुशाली लिहीत नाही. सगळे खुशाल आहेत, ते शेवटी कळेलच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की विद्यार्थी कोण ते बाबांनाच ठाऊक. ते खोटं होतं. शोरूमला जाण्याच्या आधीच मला ठाऊक झालं होतं.

मी गॅलरीला लागून असलेल्या बाथरूममध्ये कपडे पिळत होते. बाहेर बाबा आणि त्यांचा वकील. नेहमीची आरडाओरड चालू होती आणि मधेच बाबांचा आवाज खाली आला. गोंगाटाची सवय झाली की हलका आवाज लगेच कानात भरतो. वकिलाने विचारलं होतं, या ब्रेकमुळे दोन शोरूम हातातून जातायत, तो नसला तर चालेल का?

बाबा म्हणाले, "नाही चालणार. माझ्या मोठ्या मुलीसाठी पाहिजे. तिचा अपघात झाला, तेव्हापासून तिने चालवणं सोडलंय. ती हॉस्पिटलमध्ये खांदा बांधून पडली होती आणि मी तिला म्हणालो, माझ्या हाताखालचा विद्यार्थी असा ठोकत नाही. काय गरज होती मला? कुत्रं आडवं आलं होतं हो. मीपण तेच केलं असतं. तिला परत शिकवायचंय. म्हणजे शिकवायचं काय, तिला येतं सगळं. नुसतं शेजारी बसायचंय. पण माझ्या पायाखाली ब्रेक आहे, हे तिला दिसलं पाहिजे."

वकिलाने विचारलं, "हे तुम्ही तिला सांगितलंय का?"

"कसं सांगणार?"

"आत्ता मला सांगितलंत, तसंच."

मग बाबा म्हणाले, "तुम्ही गाडीचं बघा."

ताई, चांगल्या बहिणीला इथे रडू यायला हवं होतं. मी हातात पिळलेला टॉवेल घेऊन उभी होते आणि माझ्या मनात पहिलं वाक्य आलं, आणि मी?

मला गाडी बाबांनी नाही शिकवली. त्यांच्या हाताखालच्या मास्तरांनी शिकवली. तुला बाबांनी शिकवली, रोज सकाळी, स्कूल उघडायच्या आधी. तुझ्या परीक्षेच्या दिवशी ते जेवले नव्हते. मी पहिल्या फटक्यात पास होऊन आले तर म्हणाले, "मला माहीतच होतं," आणि पेपर वाचायला लागले. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. पुढे बरीच वर्षं मी ते कौतुकच आहे असं धरून चालले.

तू इथे नसतेस. आईचे डॉक्टर, बाबांचे गुडघे, गळणारे नळ, सगळं मी बघते. आणि गाडी घेतली जातेय ती तुझ्यासाठी. तीही तुला माहीत नसताना. आणि हे ज्याला सांगावंसं वाटलं तो फोनमधला वकील. मी भिंतीपलीकडे होते, आणि भिंत काही फार जाड नाही.

मग मी एक गोष्ट केली. तो सहाय्यक मीच बसवून दिल्यामुळे त्या संभाषणात मलाही माझ्या फोनवरून लिहिता येतं. मी वकिलाला लिहिलं, दुसऱ्या ब्रेकची अट काढून टाका, तिच्यामुळे सौदा अडतोय. यात एकही शब्द चूक नव्हता. माझं असंच असतं.

त्याने उत्तर दिलं, "ही अट तुमच्या वडिलांनी घातली आहे आणि ती का हवी तेही त्यांनी सांगितलं आहे. ती काढायची तर त्यांना विचारूनच. मी विचारू, की तुम्ही बोलाल?"

मी लिहिलं, मी बोलते.

"ठीक आहे. शेवटचा होकार देण्याआधी मी त्यांना याबद्दल विचारेन."

मी बोलले नाही. शोरूमला गेले, टायवाल्यासमोर छताचे दिवे मोजले, तुला पत्र लिहिलं, तरी बोलले नाही. वॉरंटीच्या भीतीने बाबा आपोआप माघार घेतील अशी आशा होती. हे लिहायला बरं वाटत नाहीये, पण लिहायला बसलेच आहे तर अर्धवट कशाला.

परवाच्या सोमवारी आम्ही तिघं जेवत होतो. टेबलावर फोन बोलू लागला. तिसऱ्या शोरूमने ब्रेक त्यांच्या ठरलेल्या गॅरेजमधून बसवून द्यायचं लेखी मान्य केलं होतं, वॉरंटीसकट. टायवाल्याला वकिलाने कसं पटवलं कोण जाणे. "होकार कळवू का?" फोन म्हणाला. "त्याआधी एक विचारायचं आहे. या ब्रेकबद्दल तुमच्या धाकट्या मुलीला तुमच्याशी बोलायचं होतं. बोलणं झालं का?"

याला चुगली म्हणता येणार नाही. त्याने मला आधी सांगितलं होतं. तरी तो फोन आमटीत बुडवावा असं वाटलं.

"काय बोलायचं होतं?" बाबांनी विचारलं.

"वॉरंटीचं. ते मिटलं आता."

"मोजपट्टे."

"अट काढून टाक म्हणाले मी त्याला."

"का?"

"मला गाडी कोणी शिकवली, बाबा?"

"मास्तरने. का? वाईट शिकवली?"

"तुम्ही का नाही शिकवलीत?"

बाबांनी घास खाली ठेवला. "तुला भीतीच नव्हती. ज्याला भीती नाही त्याच्या शेजारी बसून मी काय करणार?"

"होती."

"बोलली नाहीस कधी."

"ताई बोलली होती?"

"नाही," बाबा म्हणाले. "ती रडली होती."

आई भाताचं भांडं घेऊन उभी होती. म्हणाली, "मग हिलाही आता रडायला लावा, आणि दोन गाड्या घ्या एकदम."

कुणी हसलं नाही. मग बाबा हसले, मग आई, आणि जरा उशिरा मी. हसताना माझ्या नाकातून पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "तू लिही तिला. ये म्हणावं."

"तुम्ही लिहा. नाहीतर फोन करा."

"मला नाही जमत गं ते. तिने हॅलो म्हटलं की मी तुझ्या आईकडे फोन देतो, तुला माहितेय." मग म्हणाले, "बरं, राहू दे. वकिलालाच सांगतो. तो छान लिहील."

ताई, तो खरंच छान लिहील. बाबांना काय म्हणायचंय ते त्याला त्या दिवशी गॅलरीतच कळलं होतं, आणि ते कसं सांगावं हेही. तू वाचशील, तुला रडू येईल, तू बॅग भरशील. आणि या सगळ्यात मी कुठेच नसेन. दोन वर्षं तुमचे निरोप मी वाहिले. हवामान, औषधं, सांभाळून चालवा, सांभाळतो. आणि घेऊन जाण्यासारखा पहिलाच निरोप आला, तर तो दुसरा कुणी नेणार?

"नको," मी म्हणाले. "मी लिहिते."

बाबांना विचारलं, गॅलरीतलं लिहू का? "ऐकलंस होय?" म्हणाले. कान लाल झाले त्यांचे. मग म्हणाले, "लिही. कुत्र्याचंपण लिही."

म्हणून वर त्यांचे शब्द जसेच्या तसे दिलेत. गाळलेलं नाही, भर घातलेली नाही. याबाबतीत माझ्यावर विश्वास ठेव. बाकी बाबतीत मी कशी आहे ते तू आता वाचलंसच.

गाडी काल आली. पांढरी आहे. आईला निळी हवी होती, म्हणून ती अजून बसलेली नाही. दोन्ही ब्रेक मी तपासले, दोन्ही ठीक आहेत. आज दुपारी बाबा किल्ली माझ्याकडे टाकून म्हणाले, "चल, चालव," आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

मी जरा ताठच बसले होते. आरसे दोनदा लावले. बाबा कुणाच्याही गाडीत बसले की त्यांचा पाय आपोआप दाबला जातो, बसमध्ये, टॅक्सीत, भाऊजींच्या गाडीत तर फारच. आता तर त्यांच्या पायाखाली खराच ब्रेक होता. शहराबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर मी वाट बघायला लागले. वळण आलं, पाय हलला नाही. पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला, मी कमी केला, पाय हलला नाही. मला वाटलं, माझं मन राखतायत. जेवणाच्या टेबलावर बोलले ना, म्हणून.

मग घोरणं ऐकू आलं.

ते झोपले होते, ताई. दोन्ही पाय सीटखाली ओढून, तोंड उघडं टाकून, पट्ट्यावर मान कलती करून. भर रस्त्यात. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना गाडी शिकवणारा माणूस.

आधी मला संताप आला. एकदा शेजारी बसले, तेही झोपायला! मग मी काच वर केली, वारा लागत होता त्यांना. जिथे वळून परत यायचं ठरलं होतं तिथे मी वळले नाही. सरळ गेले. बरीच सरळ गेले. परतल्यावर आईला सांगितलं, रस्ता चुकले. बाबा डोळे चोळत होते. मी रस्ता चुकत नाही हे त्यांना माहीत आहे.

तर ताई, तू ये. तुझ्या शेजारी ते जागे राहतील. पाय ब्रेकवर ठेवून, तुझ्याआधी श्वास रोखून, पूर्वी सकाळी बसायचे तसे. मी त्या वेळी गॅलरीत उभी असेन आणि जळत असेन. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझा चेहरा बघून तुला वाटायला नको की तू यायला नको होतंस. माझा चेहरा माझ्याकडे राहू दे. तू गाडीकडे बघ.

फक्त एक मागते, आणि मी मागत नाही हे तुला माहीत आहे. उद्याच बॅग भरू नकोस. थोडे रविवार मला दे. त्यांना माझ्या शेजारी अजून थोडं झोपू दे. मग ये.

तुझा हेवा करणारी आणि तुझी वाट बघणारी,
धाकटी